शिडाच्या बोटीवरचा संसार

आमच्या खर्ड्याहून थेट पश्चिमेकडे निघालो, तर अडीचशेहून अधिक किलोमीटर तुडवल्यावर अलिबागचा किनारा लागतो. अशा कोरड्या गावच्या माणसाने समुद्रावर बोलावे, याचे कुणालाही नवल वाटेल. पण भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास घेतलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहात होते ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावी. तोही मुलूख आपल्यासारखाच, पावसाची वाट पाहणारा.

आवटींच्या प्रेरणेतून नौदलाने 'सागर परिक्रमा' हाती घेतली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही बोट तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तीत बसून मुंबईहून एकटे निघाले, आणि वाटेत चार बंदरांना थांबून मे २०१० मध्ये परत आले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. २०१७-१८ मध्ये 'तारिणी' बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या.

हे ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या डोंगराएवढ्या लाटा. त्या असतातच. पण वादळ काही रोज येत नाही. मग बाकीचे दिवस ही माणसे करतात तरी काय?

'म्हादेई'ची लांबी सतरा मीटर, म्हणजे एस.टी.च्या दीड गाडीएवढी जागा समजा. एवढ्यातच स्वयंपाक, झोप, कोठार आणि दुरुस्तीचा कारखाना. सुकाणू बराच वेळ यंत्र सांभाळते; पण वारा फिरला की शिडे सैल करायची, आवळायची, वारा वाढला की त्यांचा पसारा कमी करायचा. हे काम रात्री दोन वाजताही येते आणि त्याला 'उद्या बघू' म्हणून चालत नाही. बाहेर डेकवर जायचे ते कमरेचा पट्टा बोटीला अडकवूनच. एकटा माणूस पाण्यात पडला, तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही.

रोजचे मुख्य काम म्हणजे फेरी. दोर कुठे घासला आहे का, शिडाची शिवण उसवली आहे का, खिळ वा कडी ढिली झाली आहे का, बोटीच्या तळाशी पाणी साचले आहे का, हे हाताने चाचपून पाहायचे. मग नोंदवहीत बोटीचे ठिकाण, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब लिहून ठेवायचा. दाब भराभर उतरू लागला की समजावे, पुढे काहीतरी वाढून ठेवले आहे.

आणि पाणी! न्यूझीलंडच्या लिटलटनपासून केप हॉर्नला वळसा घालून पोर्ट स्टॅन्लीपर्यंतचा टप्पा 'तारिणी'ला सुमारे चाळीस दिवसांचा पडला. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरले, तर चाळीस दिवसांना एकशे साठ लिटर होतात. आपल्या दारातल्या दोनशे लिटरच्या पिंपापेक्षा हे कमीच की! खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते, पण यंत्राच्या भरवशावर साठा कोण उधळील? म्हणून भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, आणि पाऊस आला की शिडावरून ओघळणारे पाणी धरायचे. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या आयाबहिणींना यात नवे काय सांगावे?

चूल इथे झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी भांडे सरळ राहते. कांदे-बटाटे पुष्कळ टिकतात. पण एखादा नासला तर शेजारचे नासवतो, म्हणून तेही निवडावे लागतात. झोप तर तुकड्यातुकड्यांनीच. एकटा असेल तर घड्याळाचा गजर लावून डुलक्या घ्यायच्या. २०२४-२५ मध्ये 'तारिणी'तून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या होत्या. दोघी असल्या, तर एक निजते तेव्हा दुसरीने जागायचे.

आता सांगा, हे सारे वर्णन कशाचे वाटते? रणांगणाचे, की घरसंसाराचे? मोजून पाणी वापरणे, धान्याला ओल लागली का पाहणे, उसवले ते शिवणे, अर्ध्या झोपेतून उठणे. घरातल्या बाईच्या या कामांना आपण 'काम' म्हणायलाही तयार नसतो. पण समुद्रावर तीच कामे जीव वाचवतात. घासलेला दोर सकाळी दिसला तर दहा मिनिटांचे काम. तोच वादळात तुटला तर शीड जाते, कदाचित डोलकाठीही जाते, आणि जमीन हजारो किलोमीटर दूर असते.

आमचे खर्डे १७९५ च्या लढाईने इतिहासात गेले. निजामाची फौज किल्ल्यात कोंडली गेली आणि पाण्यावाचून तिचे हाल झाले. आम्ही तलवारी आठवतो. पाण्याची आठवण फारशी काढत नाही. शौर्याला आपण एका दिवसाच्या पराक्रमाने मोजतो, हीच आपली खोड आहे. दोंदे यांना नऊ महिन्यांनी मुंबई दिसली, ती रोजच्या निगेमुळे. आपल्या मुलामुलींना समुद्राकडे पाठवायचे असेल, आणि ते पाठवावेच, तर त्यांना पोहणे शिकवाच. पण त्याबरोबर पाणी मोजायला, दोर तपासायला आणि स्वतःचे फाटलेले स्वतः शिवायलाही शिकवा. मुलग्यांना तर जरूर शिकवा.