एकाने वाचावे, सर्वांनी ऐकावे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज आम्ही निवडलेला विषय अगदी घरगुती आहे: मोठ्याने वाचून दाखविणे.

गिरगावच्या चाळींतून चातुर्मास आला की कोणाच्या तरी खोलीत पोथी लागे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकाने वाचावा आणि मजल्यावरील मंडळींनी ऐकावा, असा परिपाठ असे. परळ-लालबागच्या गिरणगावात कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. त्यांत ज्यास अक्षरओळख असे तो इतरांस गावाकडचे पत्र आणि वर्तमानपत्र वाचून दाखवी. आपल्या कित्येक पणज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तरी कथा आणि ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या, त्या या श्रवणाच्या बळावरच.

आज घरोघरी पदवीधर आहेत. परंतु आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. ती मराठी बोलतात. मराठी पान समोर आले की मात्र अडखळतात. म्हणजे मराठीपुरता पणतू आज पणजीच्याच जागी येऊन बसला आहे! जो उपाय तिला लागू पडला, तोच त्यालाही पडेल.

मुलाचा कान डोळ्याच्या आधी तयार होतो. जे पुस्तक त्याला स्वतः वाचणे जड जाते, ते तो ऐकून सहज समजतो. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द त्याला अशा वाचनातूनच लाभतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' पाहा. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी तिची ४२ रात्रींची मांडणी आहे. रोज एक रात्र वाचली, तर दीड महिन्याच्या आत पुस्तक पुरे होते.

वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांचाही यात लाभ आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या कॉलिन मॅक्लाउड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रयोगांती दाखविले की, मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्याने वाचलेले शब्द अधिक स्मरणात राहतात. दृष्टी मंदावलेल्या आजीआजोबांस तर असे वाचन म्हणजे पुस्तकाची आणि माणसाची अशी दुहेरी सोबतच.

वेळ नाही, असे आपण म्हणाल. जेवणानंतरची पंधरा मिनिटे पुरेत. तेवढा वेळ दूरदर्शनसंच आणि मोबाईल बंद असावेत. उच्चार चुकला तर मुलास हसू नये. पुढे वाचीत जावे. पुस्तकांची वाण मुंबईत नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९८ सालापासूनचे आहे.

मंडळास एकच विनंती. गुणगौरव समारंभात केवळ गुणांची टक्केवारी वाचली जाते. पुढील वर्षापासून प्रत्येक बक्षीसपात्र मुलाने व्यासपीठावरून एक मराठी उतारा वाचावा. त्याची तयारी घरी होईल, आणि त्या निमित्ताने घर पुन्हा ऐकू लागेल.