आपल्या करारातले साडेबारा टक्के
(दि. बा. पाटील साहेबांच्या दहाव्या स्मृतिदिनी, २४ जून २०२३ रोजी, संस्थेच्या आवारात केलेले भाषण)



दहा वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी आपली पाण्याच्या टँकरवरून मीटिंग होती. खालच्या मजल्यावरचे काका, म्हणजे आपले मूळ जागामालक, वर आले आणि म्हणाले, "दिबा गेले. आज मीटिंग नको." तेव्हा एकाने विचारलं, "कोण दिबा?" ते विचारणारा मीच होतो. काका काही बोलले नाहीत, चपला घालून निघून गेले. सेक्रेटरी म्हणून माझ्या कपाटात या इमारतीची सगळी फाइल होती, आणि मला हे नाव माहीत नव्हतं!

त्या रात्री मी फाइल उघडली. सिडको, मूळ शेतकरी आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार. साठ वर्षांचा भाडेपट्टा. साडेबारा टक्के योजनेतला भूखंड. फ्लॅट घेताना एजंट म्हणाला होता, "साडेबारा टक्केवाला प्लॉट आहे, म्हणून स्वस्त पडतोय." मला फक्त 'स्वस्त' ऐकू आलं होतं.

पुढचं काकांकडून कळलं. सिडको १९७० साली आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जुन्या कायद्याने सरकारने रोख मोबदला द्यायचा आणि विषय संपला. जासईच्या शेतकऱ्याच्या घरात १९२६ साली जन्मलेले, पेशाने वकील असलेले दिबा म्हणाले, विषय संपत नाही. भाताची जमीन गेली की पैसे दोन लग्नांत संपतात. ज्याच्या जमिनीवर शहर उभं राहणार, त्याला त्या शहरात विकसित जमीन मिळाली पाहिजे. पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, सगळं शेकापच्या लाल बावट्याखाली. पण काका सांगतात ते पदांचं नाही. सांगतात ते १९८४ च्या जानेवारीचं. १६ आणि १७ तारखेला जासई-नवघर भागात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. काका तेव्हा तिथे होते.

त्यानंतर साडेबारा टक्क्यांचं तत्त्व सरकारला मानावं लागलं. योजना रीतसर आली ती १९९० मध्ये.

आता जरा हिशोब करू, इथे बँकवाले बरेच आहेत. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी कपात होऊन हातात राहतात साडेतीन. आपला भूखंड साधारण चौदाशे चौरस मीटर. म्हणजे चार एकर भातशेती गेली, तेव्हा हा तुकडा परत आला. 'गाववाल्यांना लॉटरी लागली' असं आपण लिफ्टमध्ये सहज बोलतो. साडेसत्याऐंशी टक्के कुठे गेले, ते कुणी विचारत नाही. आणि हेही खरं की पुष्कळ घरांतल्या मुलांनी आलेला भूखंड विकला आणि तो पैसाही टिकला नाही. योजनेत तेवढी ताकद नव्हती, असं माझं मत. काकांना ते पटत नाही. आमचा वाद चालू आहे.

पालखीच्या वेळी गेट बंद ठेवायचा ठराव २००१ साली आपण केला होता. सही माझीच आहे. तो २०१३ च्या वार्षिक सभेत रद्द झाला, एवढंच सांगतो.

विमानतळाला दिबांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळाने गेल्या वर्षी केला, ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. पण स्मरणिकेत आपल्या इमारतीचा इतिहास १९९८ च्या नोंदणीपासून सुरू होतोय, ते मला चुकीचं वाटतं. त्याआधीचं एक पान हवं, आणि ते मी लिहून उपयोग नाही.

काका पहिल्या रांगेत बसलेत. नाही म्हणतील, पण माइक त्यांच्याकडे नेऊन द्या.