मागे राहणाऱ्या मुलांविषयी

(मंडळाच्या आंजर्ले येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेतली. तेव्हा जे सांगणार ते पंडिताचे भाष्य नसून फळ्यापुढे उभे राहून जमविलेले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

थोड्या वेळापूर्वी गुणगौरवाचा समारंभ झाला. बक्षीस मिळविणाऱ्या मुलामुलींचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. परंतु टाळ्या वाजत असता आमचे मन वेगळ्याच घरांकडे गेले होते. आपल्यातील काही कुटुंबे संमेलनास येतात ती एक मूल घरी ठेवून. 'त्याला गर्दी सोसत नाही', 'पाहुण्यांत काहीतरी बोलेल', 'थोरलीचे जमवायचे आहे, उगाच चर्चा नको', ही कारणे आमच्या कानांवर आलेली आहेत. त्या घरी राहिलेल्या मुलांविषयी आज बोलावे असे आम्ही योजिले आहे.

सरकारी कागदात त्यांस 'विशेष गरजा असणारी बालके' म्हणतात. आपण मात्र ढ, मठ्ठ, वांड असे शब्द वापरून मोकळे होतो. या एका शब्दाखाली किती वेगवेगळी मुले दडपली जातात हे आधी पाहू.

ज्याचे लक्ष नसते अशी तक्रार येते, त्या मुलाचे डोळे आणि कान प्रथम तपासावेत. पावसाळ्यात कान वाहणे आपल्याकडे इतके नित्याचे समजले जाते की, त्यापायी ऐकू कमी येऊ शकते हे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्या वर्गातील एक मुलगा श्रुतलेखनात दर वाक्याचे शेवटचे शब्द गाळी. वाक्याच्या अखेरीस बोलणाराचा आवाज उतरतो, हे त्याचे साधे कारण. त्यास पहिल्या रांगेत, आमचे तोंड दिसेल असे बसविले आणि घरच्यांस दापोलीस डॉक्टरांकडे धाडले. त्या मुलाची बुद्धी पहिल्यापासून जागच्या जागीच होती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत तपासणीचे पथक येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, एवढे जरी पालकांनी केले तरी बरेच साधेल.

दुसरा प्रकार अधिक फसवा. मूल बोलण्यात चलाख, सांगितलेली गोष्ट शब्दन्‌शब्द परत सांगणारे. पण पुस्तक उघडले की त्यास घाम फुटतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टराने अशा चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मास्तरांचे म्हणणे असे की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. यालाच आज डिस्लेक्सिया म्हणतात. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा शब्द घरोघरी पोहोचविला. मात्र चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या मंडळींनी घरच्या मुलाची वही पुन्हा उघडून पाहिली की नाही, याची आम्हांस शंका आहे.

आपल्या लिपीत अशा मुलाची कुचंबणा कोठे होते ते पाहण्यासारखे आहे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही जोडपी त्यास चकवितात. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चार मात्र मागून करावयाचा. र तर बहुरूपीच. अर्क, चक्र, ट्रक, तऱ्हा या चार शब्दांत त्याची चार सोंगे. डोळ्यांनी जे निसटते ते हाताने धरावे, हा यावरील उपाय. पाटीच्याही आधी आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. मुले बोटाने अक्षर गिरवीत आणि मोठ्याने म्हणत. आंजर्ल्यास तर देवाने समुद्राकाठी फुकट धूळपाटी अंथरून ठेवली आहे. ओहोटीच्या ओल्या वाळूत हातभर लांबीचे अक्षर काढावे, त्याचा उच्चार करीत त्यावरून चालावे, मग बोटाने गिरवावे. एका दिवशी एकच अक्षर, आणि घ शिकविला त्या आठवड्यात ध शिकवू नये. आईबापांनाही हे जमते. शिकवणी लागत नाही.

अंकांचीही तीच गत. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. त्याने ऐकले तसेच लिहिले, त्यात त्याचा काय दोष? २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा उडाली! भाषा बुडाली म्हणून आक्रोश झाला. आमच्या मते पंचवीस हा शब्द राहावाच. परंतु २७ च्या जागी ७२ लिहून रोज मार खाणाऱ्या मुलाशेजारी जो बसला आहे, त्यास 'वीस सात' ही पायरी हास्यास्पद वाटणार नाही. दहादहा सुपाऱ्यांच्या पुरचुंड्या आणि सुट्या सुपाऱ्या समोर ठेवल्या म्हणजे हा घोटाळा पुष्कळच निवळतो.

आता शाळेविषयी. मुलगा मागे पडू लागला की त्यास गावच्या शाळेतून काढून दापोलीच्या इंग्रजी शाळेत घालावे, अशी धाव दिसते. तेथे दोनतीन वर्षांनी 'आमच्याकडे जमणार नाही' असे ऐकून मूल परत येते, आणि आता त्यास दोन्ही भाषा परक्या झालेल्या असतात. उलट, दोन शिक्षकी शाळा ज्या गोष्टीसाठी नावे ठेवून घेते तीच अशा मुलास उपकारक ठरते. एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. चौथीतला मुलगा तिसरीचे पुस्तक वाचू लागला तर कोणाचे लक्षही जात नाही; धाकट्यांस वाचून दाखविण्याचे काम दिले तर त्याची मान वर राहते आणि सरावही होतो. पंचावन्न मुलांच्या वर्गात हे घडणे कठीण. तथापि सारा भार त्या दोन शिक्षकांवर टाकून चालणार नाही. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाकडेही अनेक शाळा असतात. तो आला त्या दिवशी पालकाने शाळेत हजर असावे.

सर्वच मुलांस गावची शाळा पुरेल असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत १८८५ मध्ये मूकबधिरांची शाळा निघाली, १९४४ मध्ये मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा निघाली; आज कर्णबधिर मुलांची शाळा दापोलीस आहे आणि रत्नागिरीस आविष्कार संस्थेचे काम आहे. कोठे घालावे हे मुलाच्या गरजेवरून ठरवावे, लोक काय म्हणतील यावरून नव्हे. कायदा आता मुलाच्या बाजूस आहे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यांत वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमताही आली. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. परंतु या सर्वांस प्रमाणपत्र लागते, आणि नाव लावून घ्यावयासच घरचे तयार नसतात. मग दहावीच्या वर्षी धावपळ सुरू होते.

आपल्या तालुक्यातील मुरूडास वाढलेले धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ साली पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसूही दिले नाही. पुढे १९५८ साली ते भारतरत्न झाले. प्रत्येक मूल कर्वे होईल असे आम्ही सांगत नाही. दिसण्यावरून दार लावून घेण्याची रीत किती जुनी आहे एवढेच दाखवावयाचे आहे.

मंडळाच्या वधूवर सूचीचा प्रश्न आमच्या ध्यानी आहे. बहिणीचे लग्न अडेल या धास्तीने भावाचे प्रमाणपत्र काढले जात नाही, आणि अशी चौकशी करणारी घरेही आपलीच असतात. जेथे सोयरीक जुळवितो तेथेच हे बोलले गेले पाहिजे, म्हणून या व्यासपीठावरून बोललो.

कार्यकारी मंडळास आमची विनंती अशी की, शिष्यवृत्ती निधीतील काही रक्कम दर वर्षी वेगळी काढावी. रत्नागिरीस जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी जाणे म्हणजे आंजर्ल्याहून सारा दिवस जातो. सोबत एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, गाडीभाडे. श्रवणयंत्राची बॅटरी, चष्मा हे खर्चही पुन्हापुन्हा येतात. असे साहाय्य मागणाऱ्या कुटुंबाचे नाव स्मरणिकेत छापू नये. अर्जाचा नमुना आम्ही लिहून आणला आहे. त्यात गुणांच्या टक्केवारीचा रकाना नाही. तो चिटणिसांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.