सिगारेटमधील टार व निकोटिन : मर्यादा कोणासाठी?

(जागतिक तंबाखूविरोधी दिनानिमित्त हिंजवडी येथील रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी डॉक्टरांनी बोलावे, हेच उचित होय. मी वैद्यकीय क्षेत्रात काम करणारा असलो तरी शिक्षणाने वाणिज्य शाखेचा. माझा संबंध आकड्यांशी. म्हणून मी आज एका आकड्याविषयीच बोलणार आहे. सिगारेटमध्ये टार आणि निकोटिन किती असावे याची कमाल मर्यादा सरकारने ठरवावी काय, आणि ठरवली तर तिचा लाभ नेमका कोणाला होईल, हा तो प्रश्न.

रुग्ण दाखल करताना व्यसनांची माहिती विचारली जाते. त्या वेळी नातेवाईक पुष्कळदा सांगतात, "सिगारेट ओढतात, पण हलकी ओढतात." या उत्तरात काळजी असते, तसाच एक दिलासाही असतो. तो दिलासा खरा आहे की खोटा, हे सांगण्यासाठी ही वादाची कहाणी थोडी मागून सांगावी लागेल.

आपल्या देशात १९७५च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणे बंधनकारक झाले. तो कायदा फक्त सिगारेटपुरता होता. पुढे मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला प्रतिबंध करणारा आदेश दिला. त्यानंतर २००३ साली संसदेने सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा व्यापक कायदा संमत केला. त्याच्या सातव्या कलमात आपल्या विषयाचे बीज आहे. प्रत्येक पाकिटावर निकोटिन व टार यांचे प्रमाण आणि त्यांची कमाल अनुज्ञेय मर्यादा छापली जावी, तसेच हे प्रमाण नियमांनी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. अकराव्या कलमात तपासणीसाठी प्रयोगशाळांना मान्यता देण्याची तरतूद आहे. कायदा २००३चा, परंतु राष्ट्रीय पातळीवरील तंबाखू तपासणी प्रयोगशाळा नोएडा, मुंबई व गुवाहाटी येथे सुरू झाल्या त्या २०१९मध्ये. मोजण्याचे साधन हाती येण्यास सोळा वर्षे लागली.

हा विलंब केवळ कार्यालयीन दिरंगाईचा नव्हे. या प्रश्नावर दोन प्रामाणिक मते आहेत. एक पक्ष म्हणतो की, आपण दुधातील स्निग्धांश मोजतो, औषधाच्या गोळीतील घटक मिलिग्रॅममध्ये लिहितो. मग माणसाच्या फुप्फुसात जाणाऱ्या पदार्थालाच माप नको, हे कसे? दुसरा पक्ष म्हणतो की, सरकारने मर्यादा ठरवली की त्या मर्यादेच्या आतील विषावर सरकारी मान्यतेची मोहोर उमटते. ग्राहकाला वाटते, सरकारने तपासले आहे, म्हणजे चालेल. शिवाय या व्यवसायावर शासनाचा महसूल आणि अनेकांची रोजीरोटी अवलंबून आहे. निपाणी परिसरातील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी १९८१मध्ये भावासाठी केलेले आंदोलन आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. सोलापुरात विड्या वळून संसार चालवणाऱ्या भगिनींची संख्याही मोठी आहे. त्यामुळे या विषयाला हात घालताना कोणतेही सरकार चाचरते.

आता हे प्रमाण मोजतात कसे, ते पाहू. निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य. टार म्हणजे धुरातील डांबरासारखा चिकट अंश. कर्करोगाला कारण होणारी अनेक द्रव्ये त्यात असतात. थोडक्यात, निकोटिन माणसाला बांधून ठेवते आणि मुख्यतः धूर त्याचा घात करतो. तपासणीसाठी सिगारेट एका यंत्राला लावतात. प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार ते यंत्र मिनिटाला एक याप्रमाणे दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेते. साठलेल्या धुरातील टार व निकोटिन मोजले की आकडा तयार होतो.

यंत्राला व्यसन नसते, ही यातील मेख आहे. यंत्र शिस्तीने झुरके घेते. माणूस तसे घेत नाही. 'हलक्या' सिगारेटच्या फिल्टरभोवती डोळ्यांना सहज न दिसणारी बारीक छिद्रे असतात. यंत्रावर त्यांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि आकडा खाली येतो. माणसाच्या हाती तीच सिगारेट आली की ओठांनी वा बोटांनी ती छिद्रे अंशतः झाकली जातात. शरीराला सवयीचे निकोटिन मिळेनासे झाले की झुरका आपोआप खोल होतो, वारंवार घेतला जातो आणि दिवसाच्या सिगारेटीही वाढू शकतात. पाकिटावरचा आकडा अर्धा झाला, तरी फुप्फुसातील आकडा अर्धा होत नाही.

जगाने हा धडा बरीच किंमत मोजून घेतला. युरोपीय समुदायाने १९९२च्या अखेरीपासून सिगारेटमागे टारची मर्यादा १५ मिलिग्रॅम व १९९७च्या अखेरीपासून १२ मिलिग्रॅम ठरवली. १ जानेवारी २००४पासून ती १० मिलिग्रॅमवर आणली आणि निकोटिनला १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. मात्र त्याच नियमावलीने 'लाइट', 'माइल्ड' यांसारखे दिलासा देणारे शब्द पाकिटावरून हद्दपार केले, हे अधिक महत्त्वाचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१मध्ये आढावा घेतला, तेव्हा कमी टारच्या सिगारेटींमुळे सार्वजनिक आरोग्याला लाभ झाल्याचा पुरावा आढळला नाही. ज्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६६मध्ये यंत्राने मोजलेल्या आकड्यांना मान्यता दिली होती, त्याच संस्थेने २००८मध्ये ती मागे घेतली. पुढे २०१४च्या सर्जन जनरलच्या अहवालाने सांगितले की, १९५०नंतर सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत उलट वाढला.

मग मर्यादेची कल्पनाच टाकाऊ आहे काय? माझ्या मते, नाही. मर्यादा कशावर घालायची, यात सारे आहे. यंत्राने ओढलेल्या धुरावर मर्यादा घातली तर उत्पादक छिद्रे पाडून ती पाळतो. परंतु मूळ तंबाखूतील निकोटिनवरच मर्यादा घातली, तर कितीही खोल झुरका घेतला तरी व्यसन जडण्याइतके द्रव्य मिळणार नाही, असा दुसरा विचार आहे. नील बेनोविट्झ व जॅक हेनिंगफिल्ड या संशोधकांनी तो १९९४मध्ये मांडला. न्यूझीलंडने २०२२मध्ये तसा कायदा केला. परंतु सरकार बदलले आणि अंमल सुरू होण्याआधीच, २०२४च्या आरंभी, तो रद्द झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५मध्ये एक ग्रॅम तंबाखूमागे ०.७ मिलिग्रॅम निकोटिनच्या मर्यादेचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. नेहमीच्या सिगारेटमध्ये याच्या कितीतरी पट निकोटिन असते. पहिली मर्यादा ओढणाऱ्याला केवळ दिलासा देते, दुसरी नव्या मुलाला व्यसनाच्या उंबरठ्यावरच अडवू पाहते. हा भेद आपण ध्यानी ठेवावा.

बंधुभगिनींनो, आता आपल्या अंगणात येऊ. हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी व कामाच्या जागी धूम्रपानाला देशभर बंदी आली आणि आवारातला धूर फाटकाबाहेरच्या टपरीवर आला. तेथे चहाबरोबर संगणक अभियंता सिगारेट ओढतो. त्याच फाटकावरचा सुरक्षारक्षक तंबाखूला चुना लावून मळतो. बांधकामावरचा मजूर विडी पेटवतो. त्याच्या घरची बाई सकाळी दाताला मशेरी लावते. टार व निकोटिनची मर्यादा सिगारेटपुरतीच घातली, तर या चौघांपैकी फक्त एकाचा विचार होतो.

आकडेही हेच सांगतात. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. २००३च्या कायद्याच्या शब्दांत सिगारेटबरोबर अन्य तंबाखूजन्य उत्पादनेही येतात. परंतु चर्चा मात्र सिगारेटभोवतीच फिरते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे. विडीचे म्हणाल तर ती सारखी विझते, म्हणून वरचेवर ओढावी लागते. आकाराने लहान असली तरी टार व निकोटिनच्या बाबतीत ती सिगारेटहून सौम्य नाही.

टपरीवरचा व्यवहार आणखी एक गोष्ट शिकवतो. पाकिटावर कितीही बिनचूक आकडा छापला, तरी जो ग्राहक एक सिगारेट सुटी घेतो त्याच्या नजरेस पाकीट पडतच नाही. १ एप्रिल २०१६पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापण्याचा नियम लागू झाला, तो इशाराही त्याला चुकतो. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. हा आदेश टपरीपर्यंत किती पोहोचला, हे येथून घरी जाताना आपण स्वतःच पाहावे.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून एका गोष्टीचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. आपल्याकडे सिगारेटवरील कराची आकारणी बव्हंशी तिच्या लांबीवरून होते. ६५ मिलिमीटरपर्यंत एक दर, त्यापुढे दुसरा. म्हणजे तिची लांबी आपण मिलिमीटरमध्ये काटेकोर मोजतो. आतील विषाची मर्यादा मात्र कायदा होऊन दोन दशके उलटली तरी आपल्या अंमलात आली नाही. जमेची बाजू अशी मोजून होते. खर्चाची बाजूही पाहू. २०१७-१८ या वर्षात ३५ वर्षांवरील व्यक्तींच्या तंबाखूजन्य आजारांमुळे व अकाली मृत्यूंमुळे देशावर पडलेला आर्थिक भार १,७७,३४१ कोटी रुपये इतका अंदाजला गेला. हा राष्ट्रीय ताळेबंद. घरचा ताळेबंद त्याहून कठोर असतो. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की मिळकत थांबते, दागिने गहाण पडतात, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर राहते. समोर बसलेल्या काही कुटुंबांना हे मी सांगायला नको.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर कायद्याचे व विवेकाचे असे दुहेरी बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार आपण दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतो आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. देणगीदारांच्या औदार्याने त्यात भर पडते. हा निधी उपचारांसाठीच आहे आणि तसाच राहावा. तथापि, जो आजार टाळता येतो त्याच्या उपचारावरच सारे द्रव्य खर्च करणे, हा हिशेब मला जमेचा वाटत नाही. यास्तव विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक रुग्णाच्या नोंदणीपत्रकात 'धूम्रपान : होय/नाही' एवढ्यावर न थांबता सिगारेट, विडी, तंबाखू-चुना, गुटखा व मशेरी यांची स्वतंत्र विचारणा व्हावी आणि 'हलकी' हा शब्द आपल्या नोंदींतून कायमचा जावा. दुसरी, बाह्यरुग्ण विभागात तंबाखूमुक्ती समुपदेशनाचा एक कक्ष असावा व तो रुग्णांइतकाच त्यांच्या नातेवाइकांना विनामूल्य खुला असावा. कारण माणूस सोडण्याचा निश्चय करतो तो बहुधा आपल्या माणसाच्या खाटेशेजारी. निकोटिनची ओढ हळूहळू कमी करण्यासाठी निकोटिनयुक्त चघळगोळीसारखी साधने आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत. तिसरी, परिसरातील सुरक्षारक्षक, वाहनचालक व बांधकाम मजूर यांच्यासाठी मुखतपासणी शिबिरे भरवावीत. तोंडातील पांढरा चट्टा वेळीच दिसला तर पुढचे बरेच काही टळू शकते. एका खोलीची जागा आणि एका समुपदेशकाचे वेतन, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकेल.

कुटुंबीयांना एकच सांगणे. १ सप्टेंबर २०१८पासून तंबाखूच्या पाकिटांवर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक छापण्याचा नियम झाला. पाकिटावरच्या आकड्यांपैकी आपल्या खऱ्या उपयोगाचा आकडा हाच. तो लिहून घ्या आणि घरातील माणसाला रागावून नव्हे, तर शेजारी बसून दाखवा.

सरकारने मर्यादा अवश्य ठरवावी. ती मूळ तंबाखूवर ठरवावी आणि विडी-खैनीला तिच्यातून वगळू नये. परंतु ती मर्यादा उत्पादकावरचा अंकुश असावी. ओढणाऱ्याला दिलेले अभयपत्र नव्हे. धूम्रपानाचे सुरक्षित प्रमाण शून्य हेच आहे आणि ते ठरवण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.