चुना, राख आणि सुरखी



ज्ञानसरस्वतीच्या या बासर क्षेत्री मी चुन्यावर बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या जुन्या वास्तू ज्याने सांधल्या आहेत, त्याची ओळख करून घेणे हेही विद्येचेच काम आहे.

चुनखडी सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यातील कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो विरतो, आणि पुढे हवेतील तोच वायू शोषून सावकाश दगडासारखा होतो. पाण्याखाली मात्र हा वायू पुरेसा मिळत नाही. तेथे निव्वळ चुना घट्ट होत नाही.

रोमन लोकांना ही अडचण सुटली ती नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रूव्हियस या वास्तुशास्त्रज्ञाने समुद्रातील बांधकामासाठी दोन भाग राख व एक भाग चुना हे प्रमाण सांगितले. राखेतील काचरूप सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचा चुन्याशी संयोग होतो व माल पाण्यातही घट्ट होतो. अशा बंदरांच्या बांधकामात समुद्राचे पाणी मुरून टोबरमोराइट नावाचे स्फटिक तयार झाले, असे २०१७ साली संशोधकांनी दाखविले. रोमच्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट लोखंडी सळईवाचून १,९०० वर्षे उभा आहे.

कोणी विचारील, आपला दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच ना? खरे आहे. परंतु तो लाव्हा संथपणे निवाला, त्याचे स्फटिक बनले. राख क्षणात निवते, म्हणून काचरूप राहते. काळ्या दगडाच्या भुकटीने राखेचे काम होत नाही.

आपल्या कारागिरांनी ही उणीव विटेने भरून काढली. माती भाजली की तिची घडण मोडते व तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावण्यास मोकळी होते. अशा विटेची पूड म्हणजे सुरखी. बेताने भाजलेली वीट यास उत्तम; करपून झामा झालेली तितकी उपयोगी नाही. बैलाच्या घाणीत चुना व सुरखी मळून माल तयार होई. नदीच्या वाळूत एक तृतीयांश विटेची पूड घालावी, असे व्हिट्रूव्हियसनेही लिहून ठेवले आहे! केरळातील १८९५ सालचे मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीचेच आहे.

हे सांगण्याचे कारण असे की जुन्या भिंतींच्या दरजा आज सर्रास सिमेंटने भरल्या जातात. काम झटपट होते, चकचकीत दिसते. परंतु गोदाकाठी ओल कायमची. चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंट तिची वाट अडविते. मग ओल विटेतून व दगडातून मार्ग काढते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात. सांधा टिकतो आणि भिंत झिजते, असा उलटा व्यवहार होतो.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे. जुन्या वास्तूची डागडुजी काढताना प्रथम जुन्या मालाचा एक खडा जाणकाराकडून तपासून घ्यावा, चुन्याचे काम येणारा गवंडी शोधावा, त्याच्या हाताखाली दोन तरुण द्यावेत, आणि नव्या कामावर पुरेसे दिवस पाणी मारावे. खर्च व वेळ थोडा अधिक लागेल. पूर्वजांनी दिलेली वास्तू नातवंडांच्या हाती धडधाकट देणे, हेही धर्मकार्यच आहे.