पॉल रॉब्सन आणि अण्णा भाऊ साठे

1958 सालच्या मार्च महिन्याच्या 2 तारखेस दादरच्या बंगाली हायस्कुलात पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच्या उद्घाटनास उभे राहिले होते ते वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईस आलेले, गिरणीत राबलेले आणि शाळेची पायरी जेमतेम चढलेले मातंग समाजातील शाहीर अण्णा भाऊ साठे. पुढच्याच महिन्यात, 9 एप्रिलला, अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक व नट पॉल रॉब्सन यांची साठी आपल्या देशात साजरी झाली, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्याकडे होते. खुद्द रॉब्सन यांना मात्र परदेशगमनाची मुभा नव्हती. त्यांच्या सरकारने 1950 पासून त्यांचे पारपत्र रद्द करून ठेवले होते.

रॉब्सन यांचे वडील गुलामगिरीत जन्मले आणि तेथून पळून सुटले. गुलामगिरी कायद्याने गेली, परंतु कृष्णवर्णीयांचे गाणे हवे, अभिनय हवा, त्यांची पंगत मात्र नको, ही वृत्ती गेली नाही. ‘गॉन विथ द विंड’च्या अटलांटातील पहिल्या खेळास त्यातील नटी हॅटी मॅक्डॅनिएल यांना जाता आले नाही, आणि त्याच भूमिकेबद्दल 1940 साली त्यांना ऑस्कर मिळाले तेव्हाही त्यांची बैठक इतरांपासून दूर, भिंतीलगत मांडलेली होती. हे ऐकून अमेरिकेस नावे ठेवण्यास आपण उतावीळ होऊ नये. महार-मांगांच्या तमाशाच्या फडापुढे रात्रभर फेटे उडविणारा आपला गाव सकाळी त्याच कलावंतांस पाणवठ्यावर उभे करीत नसे. डॉ. आंबेडकरांना हे साम्य कधीच उमगले होते. ज्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा आरंभ 1924 साली परळच्या दामोदर हॉलमधील बैठकीतून झाला, त्यांनीच 1946 साली कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या.

मला विशेष विचारार्ह वाटते ते रॉब्सन आणि अण्णा भाऊ या दोघा कलावंतांनी हाती आलेल्या शब्दांचे काय केले, ते. ‘शो बोट’ या नाटकातील मिसिसिपी नदीचे गीत रॉब्सन यांच्या धीरगंभीर आवाजामुळे जगभर गेले. पण त्यातील थकलेल्या, हताश मजुराची भाषा त्यांना पुढे सहन होईना, तेव्हा जलशांतून गाताना त्यांनी ते शब्दच बदलून त्यांत लढत राहण्याचा निर्धार भरला. हिणकस भूमिकांना विटून 1942 नंतर त्यांनी चित्रपट सोडला, आणि 1943 साली ब्रॉडवेवर ऑथेल्लो उभा केला; त्याचे 296 प्रयोग झाले. इकडे 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातून गणपतीच्या जागी मायभूमीस व श्रमिकांस वंदन केले, आणि गौळणींची थट्टा गाळून टाकली. मुंबई सरकारने तमाशावर बंदीचा हुकूम काढला, तेव्हा त्याच कलेस ‘लोकनाट्य’ म्हणून त्यांनी पुन्हा उभे केले. (सरकारी दप्तरास नावाची भीती वाटते, नाट्याची नव्हे, हे त्यांनी बरोबर ओळखले.) हजेरीच्या जाचाखाली जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या मांगांच्या तरुणास त्यांनी 1959 साली ‘फकिरा’चा नायक केले, कादंबरी आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली, आणि 1961 साली सरकारनेच तिला पुरस्कार दिला.

रॉब्सन यांना त्यांचे पारपत्र 1958 मध्येच परत मिळाले, पण अण्णा भाऊंचे नाट्य अजून रंगमंचावर परतलेले नाही. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ आपण वाचतो, त्यांच्या जयंतीस लालबाग-परळात मिरवणुकाही निघतात; परंतु ‘माझी मुंबई’ किंवा ‘अकलेची गोष्ट’ ही त्यांची लोकनाट्ये रंगमंचावर पाहिलेला प्रेक्षक आज शोधावा लागेल. गिरगावच्या साहित्य संघात आणि दादरच्या नाट्यगृहांत प्रयोग लावणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे, की येत्या 1 ऑगस्टला केवळ हार न घालता यांपैकी एक लोकनाट्य त्यांनी ढोलकी-तुणतुण्यासह पूर्ण उभे करावे, आणि त्याची तिकिटे गिरणगावच्या माणसास परवडतील अशी ठेवावीत.