कोंबड्यांचें लंगडेपण

मांसासाठीं पाळलेल्या कोंबडीच्या पिलाचें वजन आज अवघ्या सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जातें. या त्वरेची किंमत त्याच्या पायांना मोजावी लागते.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशीं कूर्चा, म्हणजे कोवळें, वाढतें हाड असतें. देहाचा भार वाढला, पण हाड तितकें बळकट झालें नाहीं, तर या कूर्चेस सूक्ष्म भेगा पडतात व तेथील रक्तवाहिन्या तुटतात. आंतड्यांतून किंवा श्वासमार्गानें रक्तांत शिरलेले स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय यांसारखे जंतु नेमके तेथेंच ठाण मांडतात. रक्ताचा पुरवठा तुटल्यामुळें औषधहि तेथवर नीट पोंचत नाहीं. हाड आंतून कुजतें; पक्षी पंख टेकून बसून राहतो आणि दाणापाणी समोर असूनहि त्यास मुकतो.

अमेरिकेंतील आर्कान्सा विद्यापीठांत रॉबर्ट वाइडमन यांनीं कोंबड्या तारेच्या जाळीवर वाढवून पाहिल्या. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत जंतु मुद्दाम टोंचले नव्हते. केवळ पायांखालचा आधार अस्थिर झाला आणि पुष्कळ पक्षी लंगडूं लागले.

तात्पर्य, जंतु हें रोगाचें अर्धेंच कारण होय. कोरडा भुसा, स्वच्छ पाणी आणि आरंभींच्या दिवसांत वाढीस थोडा आवर, हे उपाय औषधाच्या आधीं येतात. स्वस्त मांसाची मागणी करणाऱ्या प्रत्येक घरानें, त्या स्वस्ताईचा भार कोणाच्या हाडांवर पडतो, याचा विचार अवश्य करावा.